पात्याची खाच

एकदा एक कापडाचा व्यापारी पन्नाशी ओलांडल्यावर एका म्हाताऱ्या सुताराचा शिष्य झाला. ऐकणाऱ्याला हसू येईल, आणि गावातल्या लोकांनी हसून घेतलेही. ज्याच्या दुकानात नोकरमाणसे कापड फाडून देतात, त्याने सुट्टीच्या दिवशी भुशात बसून लाकूड तासावे, याचा त्यांना उलगडा होईना. उलगडा तसा सोपा होता. व्यापाऱ्याच्या मुलाला, श्रीरंगला, लाकडाचे वेड होते आणि व्यापाऱ्याला मुलाचे.

दुकान सोमवारी बंद असे. त्या दिवशी बापलेक सकाळीच म्हाताऱ्याच्या शेडवर जात. म्हातारा आता कुणाचे काम घेत नव्हता. जो शिकायला येई त्याला शिकवी, आणि जो नुसत्या गप्पा मारायला येई त्याच्या हातात करवतीचे दुसरे टोक देई. माणसांचे बोलणे त्याला नीट ऐकू येत नसे. रंधा अडखळला तर मात्र पाठमोरा असतानाही त्याची मान वळे. बापलेक दोघेही त्याला आबा म्हणत. तो व्यापाऱ्याला शेठ म्हणे. दुकानात हा शब्द मानाचा होता. म्हाताऱ्याच्या तोंडी तो बहुधा करवत वाकडी गेल्यावर येई.

श्रीरंगला नव्या हत्यारांचा सोस नव्हता. आठवडी बाजारात भंगारवाल्याने पसरलेल्या गोणपाटावर इतरांना गंजके लोखंड दिसे, त्याला त्यात पटाशी दिसे. मूठ तुटलेली करवत, दांडा नसलेला वाकस, असले काहीबाही तो घरी आणी, रॉकेलमध्ये भिजत घाली, घासून काढी, नवी मूठ बसवी. घरामागच्या खोलीत त्याने कामाचा एक बाक केला होता आणि वरच्या भिंतीवर ही सगळी हत्यारे ओळीने टांगली होती. त्यांतला एक शिसवी रंधा त्याचा विशेष लाडका होता. कुणा अनोळखी सुताराच्या तळव्याने त्याची पाठ गुळगुळीत झालेली होती. काम थांबवताना श्रीरंग तो रंधा नेहमी कुशीवर आडवा ठेवी, म्हणजे पात्याची धार बाकाला टेकत नाही. ही आबांची शिकवण. व्यापारी हटकून विसरे आणि सरळ ठेवी, आणि मग "शेठ" हा शब्द ऐकून घेई.

श्रीरंगच्या थोरल्या बहिणीला, मृदुलाला, दिवस गेल्याचे कळले तेव्हा तो त्याच दिवशी म्हणाला, "पाळणा मी करणार." आईने ताबडतोब अडवले. बाळ यायच्या आधी घरात पाळणा नको, ही त्या घराची रीत. मग मायलेकांत तडजोड झाली. पाळणा जोडायचा नाही. नुसत्या पट्ट्या रंधून ठेवायच्या. बाळ सुखरूप आले की बारशाच्या आत जोडायच्या. नुसत्या पट्ट्यांना काही पाळणा म्हणत नाहीत, असे आईनेच मान्य केले.

लाकूड बाहेरून आणावे लागले नाही. दुकानातली जुनी सागवानी मांडणी काढली होती. व्यापाऱ्याच्या वडिलांनी त्या फळ्यांवर कापडाचे तागे रचलेले. बापलेकांनी कामे वाटून घेतली: जुने खिळे बापाने उपटायचे, पट्ट्या कापून रंधायचे काम मुलाचे. पट्टी रंध्याच्या रुंदीचीच असल्यामुळे रंधा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाई आणि सागाचा वास खोलीभर होई. पहिली बाजू निम्मी झाली असेल, तोच खटकन आवाज झाला. एक खिळा लाकडात मोडून राहिला होता, तो बापाच्या नजरेतून सुटला होता. पात्याच्या धारेचा कणभर टवका उडाला.

"शेठ," श्रीरंग आबांचा आवाज काढून म्हणाला, "खिळे काढायचं काम कुणाचं होतं?"

व्यापाऱ्याने कान पकडले. दोघेही हसले.

पात्याला अशी खाच पडली की तेवढ्या जागी लाकूड कापले जात नाही, आणि पट्टीवर एक बारीकशी उंच रेघ राहते. डोळ्यांना ती चटकन दिसत नाही, बोटांना मात्र लागते. "सोमवारी आबांकडे बसून घासून काढू," श्रीरंग म्हणाला, "नाहीतरी या पट्ट्यांवरून शेवटी एकदा हात फिरवायचाच आहे." आणि उत्साहाच्या भरात त्याने त्याच पात्याने ती बाजू पूर्ण केली. आधीच्या पट्ट्यांवरूनही एकेक हात मारला. सगळ्यांवर रेघ उमटली.

तो सोमवार उजाडला, पण श्रीरंगसाठी नाही. आदल्या संध्याकाळी ओढ्याच्या पुलावर त्याची मोटारसायकल घसरली. त्याचे वय चोवीस होते. याविषयी याहून जास्त मला लिहवत नाही, आणि वाचणाऱ्यालाही ते नको असेल.

त्यानंतर त्या घरात आवाज असे तो भांड्यांचा. आईने मागच्या खोलीला कडी घातली आणि त्या दाराकडे पाठ करून ती वावरू लागली. तिने मुलाचे नाव घेणे सोडले. कुणी घेतले तर ती उठून आत जाई. व्यापारी दुकानात बसे, गिऱ्हाईक दिसले की उठे, कापड बोटांत धरून पाहत राही आणि भाव सांगायचे विसरून जाई. सोमवारी तो घरीच राहू लागला. शेडवर एकट्याने जायचे कसे, हे त्याला उमगत नव्हते.

मृदुला बाळंतपणासाठी माहेरी आली. ती जिना चढताना कठड्याला धरून चढू लागली, तेव्हा एक दिवस व्यापाऱ्याने मागच्या खोलीची कडी काढली.

आत दमट वास येत होता. भिंतीवरच्या पटाश्यांवर पुन्हा गंज धरला होता. श्रीरंगने किती परोपरीने तो घालवला होता, हे बापाला ठाऊक होते. कोपऱ्यात एका बाजूच्या पट्ट्या जुडी करून, सुतळीने बांधून उभ्या ठेवल्या होत्या. शेजारी न रंधलेल्या पट्ट्या. आणि बाकावर तो रंधा, कुशीवर आडवा. पात्यासमोरच्या फटीत शेवटची ढलपी अजून तशीच वळून बसली होती. खाचेमुळे ती मधोमध चिरली होती. एका ढलपीच्या दोन फिती झाल्या होत्या.

व्यापाऱ्याने सुतळी सोडून पट्ट्यांवरून हात फिरवला. आयुष्यभर कापड ओळखलेली बोटे ती. प्रत्येक पट्टीवर, जवळपास त्याच जागी, केसाएवढी रेघ. तो त्या पट्ट्या मांडीवर घेऊन खूप वेळ बसला. रडला का, ते मला माहीत नाही. पण उठला तेव्हा त्याच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. उरलेला पाळणा तो स्वतः करणार होता, आणि याच रंध्याने, याच पात्याने. उरलेल्या प्रत्येक पट्टीवरही अशीच रेघ उमटली पाहिजे. मुलाचा हात कुठे थांबला आणि बापाचा कुठून सुरू झाला, हे कुणालाही कळता कामा नये. सबंध पाळणा श्रीरंगचा झाला पाहिजे.

त्याचा स्वतःचा रंधा होता, चांगला धारदार. त्याने तो हातात घेतला नाही. त्याने श्रीरंगचा रंधा पट्टीवर चालवून पाहिला. इतके महिने दमट हवेत राहून पाते बोथट झाले होते. लाकूड कापण्याऐवजी ते उपसू लागले. साग तंतूतंतूने उखडला. दुसऱ्या पट्टीचेही तेच झाले. तेव्हा पुढच्या सोमवारी त्याने तो रंधा एका धुवट पंच्यात गुंडाळला आणि म्हाताऱ्याच्या शेडवर गेला.

म्हाताऱ्याने त्याला पाहून हातातले काम बाजूला ठेवले. कसे आहात, काय आहात, हे काही विचारले नाही. सांत्वनाची भाषा त्याला येत नव्हती, किंवा येत असून तो ती वापरत नसे. त्याने शेजारचा पाट पुढे सरकवला.

"बसा शेठ."

व्यापाऱ्याने पंचा उलगडला. सगळे सांगितले. खिळा, रेघ, पाळणा. म्हाताऱ्याला ऐकू जावे म्हणून त्याला हे सारे मोठ्याने सांगावे लागले, आणि असल्या गोष्टी मोठ्याने सांगणे फार जड जाते. शेवटी तो म्हणाला, "आबा, धार लावून द्या. पण खाच जाऊ देऊ नका. तेवढं तुम्हालाच जमेल, म्हणून आलो."

म्हाताऱ्याने हातोडीची हलकी टिचकी मारून पाचर सैल केली आणि पाते बाहेर काढले. चिरलेली ढलपी खाली पडली. ती त्याने वाकून उचलली, फुंकर मारून भुसा उडवला आणि व्यापाऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"ही जपून ठेवा," तो म्हणाला.

मग त्याने दगडावर पाणी शिंपडले आणि पाते घासायला घेतले. व्यापारी ढलपी मुठीत धरून पाहत होता. सुरुवातीला त्याला संशय आला नाही. पण बारीक दगडावर थोडे हात मारून धार लागते, एवढे तोही आता शिकला होता. म्हाताऱ्याने घेतला होता तो खरबरीत दगड, आणि तो सगळे वजन टाकून घासत होता. करड्या पाण्याचे ओघळ खाली येऊ लागले.

"आबा, खाच..." व्यापारी म्हणाला.

म्हातारा घासत राहिला.

"आबा, खाच जातेय!"

म्हाताऱ्याला ऐकू आले नाही असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्याने मान वर केली नाही एवढे खरे. व्यापाऱ्याने पुढे होऊन त्याचे मनगट धरले. शिष्याने गुरूचा हात धरावा, असे त्या शेडमध्ये कधी घडले नव्हते. "माझ्याकडे तेवढीच राहिली होती हो!" असे तो ओरडला, आणि त्याने ते मनगट सोडले. तो त्या भुशातच खाली बसला.

माझे विचाराल तर म्हाताऱ्याने आधी सांगायला हवे होते. शहाण्या माणसांची ही एक खोडच असते: आधी काळजाला हात घालतात आणि कारण मागाहून देतात. मी तिथे असतो तर भांडलो असतो. पण मी तिथे नव्हतो, आणि व्यापाऱ्याच्या अंगात भांडण्याचे त्राण नव्हते.

म्हाताऱ्याने पाते पाण्यातून विसळले, उजेडाकडे धरले आणि खाली ठेवले. मग तोही भुशात, शिष्याच्या शेजारी येऊन बसला. गुडघे दुखत असल्यामुळे त्याला बसायला वेळ लागला.

"शेठ, हा रंधा त्यानं बाजारातून आणला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

व्यापाऱ्याला आठवेना. मग आठवले. दिवाळी तोंडावर होती, तेवढ्या एका सोमवारी त्याने दुकान उघडे ठेवले होते. श्रीरंग एकटाच शेडवर गेला होता.

"एकटा आला होता. असा मांडीवर घेऊन बसला होता रंधा, जसं काही मांजराचं पिल्लू सापडलंय. पात्याला तेव्हाही खाच होती. याच्याहून मोठी. ज्याचा तो रंधा होता, त्या कुठल्याशा सुताराच्या हातून पडलेली. तो घासायला बसला. मी म्हटलं, राहू दे की रे, जुन्या माणसाची खूण आहे ती. थट्टेनंच म्हटलं. तर तुमचा पोरगा काय म्हणाला माहीत आहे?"

व्यापारी त्याच्या तोंडाकडे पाहू लागला. ज्यांचे माणूस गेले आहे त्यांना हे कळेल. गेलेल्या माणसाच्या जेवढ्या आठवणी असतात, तेवढ्या आपण पुन्हापुन्हा मोजून झालेल्या असतात. त्यात आता भर पडणार नाही हे आपण धरून चाललेले असतो. आणि अचानक कुणी म्हणतो, तो असेही एकदा म्हणाला होता.

"म्हणाला, 'आबा, त्यांच्या फळ्यांवर आहे की त्यांची रेघ. माझ्या फळीवर कशाला?' आणि दिवसभर घासत बसला. खरबरीत दगडावर. अंगठ्याची साल निघाली तरी उठला नाही. मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. गेले काही महिने मात्र सारखं आठवतंय."

अंगठा. व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती रात्र उभी राहिली. दिवाळीच्या गिऱ्हाइकांनी थकून तो जेवायला बसला होता आणि समोर श्रीरंग अंगठ्याला चिंधी बांधून डाव्या हाताने भात कालवत होता. काय लागलं रे, असे त्याने विचारले होते. काही नाही बाबा, असे उत्तर आले होते. आणि तो पुढे जेवला होता.

आता व्यापारी रडला. म्हाताऱ्याने त्याला रडू दिले. नंतर त्याने हात लांब करून भिंतीवरची एक पटाशी काढली. तिचे लोखंड जेमतेम बोटभर उरले होते.

"ही माझ्या गुरूची. मला दिली तेव्हा वीतभर होती. धार लावायची म्हणजे पात्यातलं थोडं घालवायचं, शेठ. न घालवता धार येत नाही. मी त्यांचं लोखंड रोज थोडं थोडं घालवलं आणि त्यातून माझं काम केलं. खुंटीला टांगून पूजा केली असती, तर वीतभर गंज राहिला असता." त्याने पटाशी परत जागेवर ठेवली. "त्याच्या पट्ट्यांवर रेघ पडली, कारण खिळा राहिला होता आणि त्याला घाई होती. ती खरी रेघ. तुम्ही मुद्दाम काढाल ती खोटी. तो पाळणा सगळ्यांना सांगेल की पोरानं सगळं काम संपवलं. त्यानं नाही संपवलं, शेठ. त्याला वेळ मिळाला नाही. हे तुम्हाला लपवायचंय, आणि ते लपवण्यासारखं नाही."

म्हाताऱ्याने पाते कोरडे करून त्याच्यापुढे धरले.

"पुरी घालवलेली नाही. कोपऱ्यातून उजेडात बघा, इवलीशी उरलीय. इथून पुढं तुमचं तुम्ही ठरवा. ठेवायची असेल तर बारीक दगडावर नुसती धार करून देतो, रेघ येईल. मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

व्यापारी रंधा आणि पाते पंच्यात गुंडाळून घरी आला.

त्याने लगेच काही केले नाही, हे मला सांगितले पाहिजे. अशा गोष्टींत शिष्याला त्याच क्षणी सगळे उमगते. आयुष्यात तसे होत नाही. पाते पंच्यात तसेच राहिले. मृदुला बाळंत झाली, मुलगी झाली. घरात पुन्हा रडण्याचा आवाज आला, पण तो आता भुकेचा होता. श्रीरंगच्या आईचे हात कामाला लागले. बारसे अगदी घरच्या घरी करायचे ठरले. आणि एका सकाळी आई न्हाणीघरातून तान्हीला घेऊन बाहेर आली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाळाला जमिनीवरच निजवायचं का?"

तेवढेच ती म्हणाली. मागच्या खोलीची कडी काढलेली आहे, हे तिने पाहिले होते.

व्यापारी त्या खोलीत गेला. श्रीरंगचा खरबरीत दगड बाकाखाली होता. त्याने त्यावर पाणी घातले आणि पाते उजेडात धरून उरलेली खाच पाहिली. मोहरीच्या दाण्याहून लहान होती. त्याने एकदा तीवरून नख फिरवले, आणि मग तो घासू लागला. करडा चिखल बोटांवर येत राहिला. खाचेचे जे काही होते ते आता त्या चिखलात होते. त्याने तो लगेच पुसला नाही. धार एकसारखी झाली तेव्हा त्याच्या लक्षात आले की अंगठ्याची साल निघून रक्त आले आहे.

जेवताना बायकोने ते पाहिले. "हे काय?"

काही नाही, असे ओठांपर्यंत आले होते. ते त्याने गिळले. "श्रीरंगच्या रंध्याला धार लावत होतो," तो म्हणाला.

ती उठून आत गेली नाही. दुकानातून आलेल्या मलमलच्या तुकड्यातून तिने एक पट्टी फाडली आणि त्याच्या अंगठ्याला बांधली.

मग त्याने पट्ट्या रंधल्या. आता ढलपी अखंड निघत होती, पातळ, सबंध पट्टीच्या लांबीची. उखडलेल्या त्या दोन पट्ट्याही साफ झाल्या. काम थांबवताना तो रंधा आठवणीने आडवा ठेवी. दुसऱ्या बाजूच्या, डोक्याकडच्या आणि पायाकडच्या पट्ट्या त्याने रंधल्या. चांगल्या रंधल्या, आणि सगळ्या गुळगुळीत. श्रीरंगच्या पट्ट्यांना त्याने हात लावला नाही. त्या जशा होत्या तशाच बसवल्या. बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा जोडून झाला आणि कड्यांना टांगला गेला.

बारशाला बायका थोड्याच होत्या. गाणी हलक्या आवाजात म्हटली. मृदुलाच्या आईने आत दुपटे घातले, वर मऊ पातळाची घडी घातली, आणि निजवण्यापूर्वी सवयीने पाळण्याच्या कडांवरून तळहात फिरवला. लाकडाचे कुसळ बाळाला टोचू नये म्हणून सगळ्याच आया फिरवतात तसा. एका बाजूने हात सरसर गेला. डोक्याकडून फिरून दुसऱ्या बाजूला आला आणि थांबला. तिने बोटांच्या टोकांनी पुन्हा चाचपले. वरपासून खालपर्यंत, मग शेजारच्या पट्टीवर.

"इथं काहीतरी लागतंय हाताला," ती म्हणाली. "तिकडं नव्हतं."

"खिळ्यावर पातं आदळलं होतं," व्यापारी म्हणाला. "त्याची रेघ राहिलीय."

तिने त्याच्याकडे पाहिले. "म्हणजे या..."

"हो. आणि बाकीच्या मी केल्या."

तिचा हात त्या पट्टीवरून निघेना. इतके महिने जे नाव तिने तोंडातून काढले नव्हते ते तिने हलकेच घेतले. "श्रीरंग," ती म्हणाली, जणू तो नुकताच खोलीत आला होता. बायका गाता गाता थांबल्या. व्यापाऱ्याला शेडमधला तो खरबरीत दगड आठवला, आणि म्हाताऱ्याने आपल्यासाठी काय वाचवले होते ते त्याला आता कळले. सबंध पाळण्यावर रेघ असती, तर हा हात कुठेही थांबला नसता.

आईने डोळे पुसले. मग तिने आतली पातळाची घडी त्या बाजूला सरकवली, आणि बाळाला मामाच्या पट्ट्यांकडे तोंड करून निजवले.